सहा घोडे, दहा घोडे

तलमडुगूतला तेलुगू शाळेत जाणारा मुलगा ‘बीजीय समासालु’ शिकतो. यवतमाळचा त्याचा मामेभाऊ त्यालाच ‘बैजिक राशी’ म्हणतो. समीकरण मात्र दोघांचेही समीकरणच. म्हणून घरातल्या मोठ्यांनी ‘आम्हाला तेलुगूतलं गणित जमत नाही’ म्हणून हात झटकू नयेत.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातले हे गणित बघा. एकाकडे ३०० रुपये (त्यांचा शब्द ‘रूप’) आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० चे कर्ज. घोडे सारख्याच किमतीचे, दोघांची संपत्तीही सारखी. घोडा केवढ्याचा?

किंमत क्ष धरू. भास्कराचार्य अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत. ६क्ष + ३०० ही एक राशी, १०क्ष − १०० ही दुसरी. मध्ये ‘बरोबर’ आले की समीकरण झाले. दोन्हीकडचे ६ घोडे सोडून द्या : ३०० = ४क्ष − १००. कर्ज फिटावे म्हणून दोन्हीकडे १०० द्या : ४०० = ४क्ष. घोडा १०० चा. ताळा : ९०० आणि ९००.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे मुले नुसतेच घोकतात. खरे तर दोन्हीकडे सारखेच दिले, एवढेच घडते.

आता आदिलाबादच्या कापसाचे गणित. एका घरी ३ क्विंटल कापूस, ५,००० रोख. दुसऱ्या घरी ५ क्विंटल, ९,००० कर्ज. दोन्ही घरे सारखीच. भाव काय?