जुन्या यंत्राची फेरजुळणी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या ढाणकीच्या वाड्यांतील पडवींत एक गंजलेलें मिलिंगयंत्र येऊन पडलें, आणि घरांत दोन तट झाले. पुतण्या पुण्याच्या कारखान्यांतील नोकरी सुटून परत आलेला. नांदेडच्या भंगारांतून त्यानें तें वजनावर विकत घेतलें होतें. वहिनींस पडवी अडल्याचें दुःख. आणि मला, खरें तेंच लिहितों, पदवीधर मुलानें दिवसभर डिझेलांत हात काळे करावे याची लाज वाटे.

लेथ पुष्कळांनीं पाहिलेला असतो. त्यावर काम फिरतें व हत्यार तासतें. येथें उलट, दांतेरी कटर फिरतो आणि टेबलास जखडलेला लोखंडाचा तुकडा त्याच्याखालून सरकवितात. जोसेफ ब्राउन यांनीं १८६२ सालीं अमेरिकेंत या जातीचें जें प्रसिद्ध यंत्र केलें, तें ड्रिलच्या अंगावरील पिळाच्या खांचा कापण्याकरितां. आमचें त्या मानानें खेळणेंच; हौशी माणसानें घरच्या मेजावर ठेवावें असें.

उघडतांना त्यानें प्रत्येक भागाचें मोबाइलवर छायाचित्र घेतलें, नटबोल्ट चिठ्ठ्या लावून निरनिराळ्या डब्यांत ठेवले. गंज काढला, नवीं बेअरिंगें बसविलीं, हिरवा रंग दिला. मींही कौतुक केलें. परंतु पहिलीच खांच कापतांना कटर थरथरला आणि खांच मधोमध फुगली. त्या रात्रीं तो जेवावयास आला नाहीं. सकाळीं पाहतों तों सारें यंत्र पुन्हां उघडलेलें!

दोष रंगाखालीं होता. (रंगावरून आठवलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, पण रंग नीट ओळखतां येत नाहींत असें कळून यंत्ररेखनाकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत मास्तर झाले. किर्लोस्करवाडी, १९१० सालची, त्यानंतरची.) टेबल ज्या घसरपट्ट्यांवर चालतें, त्या मध्यें झिजल्या होत्या. खेळ घालविण्याची निमुळती पट्टी आवळावी, तर टेबल टोकांस अडे. सैल करावी, तर मध्यें डुले. मग त्यानें एका सरळ पट्टीस निळा रंग अगदीं पातळ पुसून ती घसरपट्टीवर अलगद घासली. जेथें निळें उमटलें, तेथें उंचवटा. तेवढाच भाग खरवडावयाचा, पुसावयाचा, पुन्हां निळें उमटवावयाचें. हें किती वेळां, तें मोजणें मीं तिसऱ्या दिवशीं सोडलें.

"पण ही पट्टी तरी सरळ कशावरून?" मीं विचारलें.

"काका, तिची परीक्षा पाट्यावर केली. आणि पाटा सपाट कशावरून, तर असे पाटे मूळांत तीन करतात."

दोन पाटे एकमेकांवर घासले, तर एक किंचित् फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असूनही ते चपखल बसतील. तिसरा आला, आणि प्रत्येक पाटा उरलेल्या दोहोंशीं जुळला, तर तिघांनाही सपाट असण्यावांचून गति नाहीं. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४० सालीं ही रीत विद्वत्सभेपुढें मांडली. पस्तीस वर्षें मुलांना अन्योन्याश्रय दोष शिकविला. तो लोखंडांत असा सुटलेला मीं प्रथमच पाहिला, आणि त्या दिवसापासून पडवींतच बसूं लागलों.

शेवटीं कटरच्या दांड्यास डायल लावून ती टेबलावर वर्तुळांत फिरविली. पुढें आणि मागें आंकडा एकच हवा. आठ शतांश मिलिमीटरांचा, म्हणजे सुमारें केंसाच्या जाडीचा, फरक निघाला. खांबाच्या बुडाशीं पितळेचा पातळ पत्रा सारीत तो एका शतांशावर आणला. आंकडे मीं वाचून वहींत लिहीत होतों.

परवां गांवांतील पिठाच्या गिरणीचे मालक दांड्यावर चावीची खांच कापून घ्यावयास आले. काम होईपर्यंत ते पडवींतच बसले, आणि वहिनींनीं त्यांना चहा दिला.