कळ जांघेत, माहेर कुशीत

कुशीतून उठलेली कळ ओटीपोटातून उतरत थेट अंडकोशात जाते. माणूस घामाघूम होतो, उठतो, बसतो, लोळतो. कशानेच चैन पडत नाही. तपासणीत वृषण ठणठणीत निघतात आणि मूत्रवाहिनीत अडकलेला मुतखडा सापडतो. दुखणं खाली, कारण वर, असं का?

याचं उत्तर जन्माआधीच्या एका प्रवासात आहे. गर्भात वृषण तयार होतात ते पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी. सातव्या महिन्याच्या सुमारास ते जांघेतल्या अरुंद वाटेने अंडकोशाकडे उतरतात. येताना रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू सोबत आणतात. सासर गाठलं, पण माहेरचे धागे तुटले नाहीत. मूत्रवाहिनी आणि वृषण यांचे वेदनेचे निरोप आजही मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात आणि मेंदू पत्ता चुकतो.

या प्रवासाने आणखीही दुखणी मागे ठेवली आहेत. वृषण ज्या वाटेने उतरले, तिथे पोटाची भिंत कच्ची राहते. जड उचलताना, खोकताना किंवा कुंथताना आतडं तिथून डोकावलं की झाला हर्निया. आयुष्यात कधी ना कधी साधारण चारातल्या एका पुरुषाला तो होतो. म्हणूनच डॉक्टर उभं करून खोकायला सांगतात. डाव्या वृषणाची शीर तर लांब चढ चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. त्यामुळे कधी कधी खाली रक्त तुंबून वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात. दिवसभर उभं राहिल्यावर जडपणा येतो, आडवं झालं की उतरतो.

काही कारणं मात्र या वाटेवर नसतातच. खुब्याचा सांधा झिजला की कळ येते जांघेत, आणि मांडी घालून बसणं अवघड होतं. नागीण उठण्याआधी दोन-चार दिवस नुसतीच आग होते. कधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात, आणि नसलेल्या जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक्सचे कोर्स चालू राहतात. पोटाच्या भिंतीतला एखादा मज्जातंतूही स्नायूत आवळला जातो. तेव्हा सोनोग्राफी, सीटी स्कॅन सगळं नॉर्मल येतं. यासाठी जॉन कार्नेट या अमेरिकी शल्यविशारदाने 1926 साली बिनखर्चाची एक युक्ती सांगितली. रुग्णाला उताणं झोपवून दुखरी जागा बोटाने दाबायची आणि डोकं, खांदे उचलायला सांगायचं. पोट ताठ झाल्यावर दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर कारण बहुधा भिंतीत; कमी झालं, तर आतल्या अवयवात.

ही कारणं शोधायला थोडा वेळ मिळतो. एका कारणात तो मिळत नाही. वृषणाला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झाली, तर ते वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. हा प्रकार किशोरवयात जास्त दिसतो, आणि त्या वयातला मुलगा लाजून एवढंच म्हणतो, ‘पोट दुखतंय.’ मुलाला अचानक जोरात दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या, तर ओवा-हिंग देऊन सकाळची वाट पाहू नका. ‘खाली दुखतंय का?’ असं स्पष्ट विचारा आणि उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.