नऊ एकांची कमाल, मूर्तिजापूर जंक्शनवरून

१११११११११ या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१! अंक एकापासून नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) अशा संख्यांच्या प्रेमात पडले आणि त्यांना 'डेमलो संख्या' म्हणू लागले. या सतरा अंकी सुंदरीच्या आणि तिच्या भावंडांच्या या गमती.

रेल्वेची देणगी : डेमलो हे मुंबईजवळच्या स्थानकाचं नाव, म्हणजे आजचं डोंबिवली. कापरेकरांना कल्पना सुचली ती तिथे. ते स्थानक तेव्हा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं होतं, आणि मूर्तिजापूरवरून नागपूरला जाणारा मार्गही तिचाच.

वाचून दाखवा : भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली नावं घेतली तर १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १.

मोजत बसलात तर : सेकंदाला एक आकडा या वेगाने सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. वऱ्हाडची काळी माती ज्या दख्खनच्या बेसॉल्टपासून झाली, तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे!

हर्षद संख्या : अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने पूर्ण भागही जातो. अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव कापरेकरांनीच दिलं.

पोटात काय : ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. एवढ्याच मूळ संख्यांचा हा गुणाकार. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

दहावा एक आला की : ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब झाला, मध्ये दोन शून्यं आली! शिवाय संख्या बारा परार्धांच्या वर गेली. 'लीलावती'ची नामावली परार्धापाशीच संपते.

शकुंतलेचं गुपित : मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणाऱ्या आपल्या 'शकुंतला' रेल्वेच्या नॅरोगेजची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. अंक उतरत्या क्रमाने ७६२, चढत्या क्रमाने २६७. वजाबाकी ४९५. पुन्हा करा : ९५४ – ४५९ = ४९५! सगळे अंक सारखे नसतील, तर कुठलीही तीन अंकी संख्या शेवटी इथेच येते. चार अंकांचा मुक्काम ६१७४. या 'कापरेकर स्थिरांका'ने त्यांचं नाव जगभर नेलं.

गावाचा पिनकोड : मूर्तिजापूरच्या ४४४१०७ वर हाच खेळ करा. ७४४४१० – ०१४४४७ = ७२९९६३. असं करत दहाव्या वजाबाकीला ४२०८७६ येतं आणि तिथून पुढे सात संख्या एकामागून एक फिरत राहतात, कायमच्या.

कापरेकरांकडे ना संगणक होता, ना पदव्युत्तर पदवी. वही, पेन्सिल आणि अंकांवरची माया एवढ्यावर त्यांनी हे शोध लावले. तेव्हा आजच दुसऱ्या एखाद्या गावाचा पिनकोड घ्या आणि मुलांना सोबत बसवा. तो ५४९९४५ वर थांबतो, ६३१७६४ वर थांबतो, की सातांच्या फेऱ्यात अडकतो, ते स्वतः शोधा.