प्राणि-प्रतिमाने, धोकादायक विषाणु-संशोधनातील

मानवी रोगाचा उद्‌भव, प्रसार व प्रतिबंध यांच्या अभ्यासासाठी ज्या प्राण्यात तो रोग कृत्रिम रीत्या निर्माण केला जातो, त्या प्राण्यास त्या रोगाचे प्राणि-प्रतिमान म्हणतात. विषाणू केवळ जिवंत कोशिकेतच वाढू शकतात. त्यामुळे विषाणुविज्ञानात अशा प्रतिमानांना प्रारंभापासूनच महत्त्व आहे. सामान्य प्राणि-प्रयोगात नैतिक प्रश्न दोन पक्षांपुरता असतो : वेदना सोसणारा प्राणी व लाभ मिळणारा मनुष्य. धोकादायक विषाणूंच्या बाबतीत प्रयोगशाळेबाहेरील समाज हा तिसरा पक्षही असतो. कारण प्रयोगातील प्राणी विषाणूचा बळी असतो, तसाच तो विषाणूची वाढ करणारा व प्रसंगी त्यात बदल घडविणारा आश्रयही असतो.

इतिहास : लूई पाश्चर व त्यांचे सहकारी यांनी अलर्क रोगाचा (पिसाळ रोगाचा) विषाणू एका सशातून दुसऱ्या सशात असा क्रमाक्रमाने संक्रमित केला व अशा सशांचे मेरुरज्जू वाळवून तयार केलेली लस १८८५ मध्ये माणसास टोचली. कार्ल लँडश्टायनर व एर्विन पॉपर यांनी १९०८ मध्ये बालपक्षाघात (पोलिओ) माकडांत संक्रमित होतो, असे दाखविले. १९३३ मध्ये लंडन येथील संशोधकांना फेरेट या लहान मांसाहारी प्राण्यात मानवी इन्फ्ल्यूएंझाची लागण करता आली. पुढे १९३६ मध्ये अशा आजारी फेरेटापासून एका संशोधकासच इन्फ्ल्यूएंझा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

यापेक्षा गंभीर घटना १९६७ मध्ये घडली. युगांडातून आणलेल्या माकडांच्या संपर्कात आल्याने जर्मनीतील मारबर्ग व फ्रँकफुर्ट आणि यूगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे एका अज्ञात रक्तस्रावी तापाची लागण झाली. सुमारे ३० रुग्णांपैकी ७ दगावले. ही माकडे लसीच्या कामासाठीच आणलेली होती. या विषाणूस पुढे ‘मारबर्ग’ हे नाव मिळाले.

पोलिओ लसीसाठी १९५०–६० या दशकात भारतातून काही वर्षी लाखाहून अधिक ऱ्हीसस माकडे निर्यात झाली. त्यांचा उपयोग वैद्यकीय संशोधन व लसनिर्मिती यांपुरताच करावा, अशी अट १९५५ मध्ये घालण्यात आली होती. अमेरिकेत लष्करी प्रारण-प्रयोगांत ती वापरली गेल्याचे आरोप झाल्यावर भारताने एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली. एका हेतूसाठी दिलेला प्राणी दुसऱ्या हेतूसाठी वापरण्याचा नैतिक प्रश्न यातून पुढे आला.

फेरेटांवरील प्रयोगांचा वाद : फेरेटाच्या श्वसनमार्गातील ग्राहींची वाटणी बरीचशी माणसासारखी असल्याने इन्फ्ल्यूएंझाच्या अभ्यासात तो योग्य प्रतिमान मानला जातो. पक्ष्यांतील एच५एन१ विषाणू माणसास क्वचित होतो, पण झाल्यास घातक ठरतो; माणसामाणसांत मात्र तो सहज पसरत नाही. २०११ मध्ये रॉटरडॅम येथील रॉन फौशियर व मॅडिसन (विस्कॉन्सिन) येथील योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी, मोजकी उत्परिवर्तने झालेला असा विषाणू फेरेटांमध्ये हवेतून पसरू शकतो, असे दाखविले. येथे प्राणी हा रोग तपासण्याचे साधन न राहता विषाणूस नवा गुण प्राप्त होण्याचे स्थान झाला.

निसर्गात कोणते बदल धोक्याचे ठरतील हे आधी कळल्यास लस व टेहळणी यांची तयारी करता येईल, असे समर्थकांचे म्हणणे होते. एका अपघाताने टाळावयाची साथच उद्‌भवू शकेल आणि पुष्कळशी माहिती सुटी प्रथिने किंवा वाढू न शकणारे विषाणु-कण यांच्यावरूनही मिळेल, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये तपशील प्रसिद्ध करू नये असे सुचविले. मार्च २०१२ मध्ये ही शिफारस बदलली व त्याच वर्षी दोन्ही निबंध प्रसिद्ध झाले. संशोधकांनी जानेवारी २०१२ मध्ये स्वेच्छेने थांबविलेले काम वर्षभराने सुरू झाले. अमेरिकी शासनाने ऑक्टोबर २०१४ ते डिसेंबर २०१७ या काळात अशा काही संशोधनाचा निधी रोखला होता. मे २०२५ मधील अध्यक्षीय आदेशाने त्यावर पुन्हा निर्बंध आले.

नैतिक निकष : डब्ल्यू. एम्. एस्. रसेल व आर्. एल्. बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली : प्राण्याऐवजी अन्य साधन वापरणे, प्राण्यांची संख्या घटविणे व वेदना कमी करणे. अतिसुरक्षित प्रयोगशाळेत ती पाळणे कठीण असते. प्राण्याची सुश्रूषा संरक्षक पोशाखातूनच करावी लागते. लस न दिलेल्या नियंत्रण गटासही विषाणू द्यावा लागतो. म्हणून प्राणी मरेपर्यंत न थांबता, विशिष्ट लक्षणे दिसताच त्यास वेदनारहित मरण द्यावे, अशी मर्यादा आधीच ठरविली जाते.

प्रतिमान कितपत यथार्थ आहे, हाही नैतिक प्रश्नच होय. चिंपँझींना एड्सच्या विषाणूची लागण होते, पण रोग क्वचितच होतो. त्यामुळे त्यांच्या बंदिवासातून अपेक्षित ज्ञान मिळाले नाही. याउलट देवीरोगासारख्या रोगाची लागण माणसास हेतुतः करता येत नाही. देवीवरील टेकोव्हिरिमॅट या औषधास २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती परिणामकारकतेच्या बाबतीत माकडे व ससे यांच्यावरील प्रयोगांच्या आधारेच.

भारतातील स्थिती : १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार, लहान प्राण्यांवरील प्रयोगांनी काम भागत असल्यास मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळणे अपेक्षित आहे. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थांची नोंदणी आवश्यक केली. पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) कर्नाटकात १९५७ मध्ये माकडांच्या मृत्यूंवरून लक्षात आलेल्या क्यासनूर अरण्य रोगाचा शोध लावला. या विषाणूची लागण प्रयोगशाळांतील कर्मचाऱ्यांनाही झालेली आहे. कोव्हिड-१९ वरील भारतीय निष्क्रिय लसीची २०२० मध्ये २० ऱ्हीसस माकडांवर चाचणी झाली. पाच-पाच माकडांच्या चार गटांपैकी लस न दिलेल्या गटात फुप्फुसदाह आढळला. लस दिलेल्या गटांत तो आढळला नाही.

अशा प्रयोगात प्राण्यास किती कमी वेदना द्यावी या प्रश्नाआधी, प्रयोग मुळात करावा काय, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर देताना प्राण्याची संमती मिळू शकत नाही व बाहेरच्या समाजाची बहुधा विचारलीही जात नाही. म्हणून हा निर्णय केवळ संशोधकांवर न सोपविता स्वतंत्र व उघड छाननीने व्हावा, असे मत प्रबळ होत आहे.