आरोपी मेला, खटला चाललाच नाही. ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ची भानगड नेमकी काय आहे?

इंग्लंडमधलं लिटल किल्टन हे काल्पनिक गाव. तिथली अँडी बेल ही शाळकरी मुलगी गायब होते. काही दिवसांत तिचा बॉयफ्रेंड सॅल सिंग जंगलात मृत सापडतो. त्याच्या फोनवरून वडिलांना कबुलीचा मेसेज गेलेला असतो. पोलिसांच्या लेखी विषय संपला.

पण अँडीचा मृतदेह काही सापडत नाही. आणि आरोपीच हयात नाही म्हटल्यावर खटला कुणावर चालवणार? पुरावे कोर्टात तपासलेच जात नाहीत. गाव मात्र निकाल देऊन मोकळं होतं. भोगतो कोण, तर सॅलचा धाकटा भाऊ रवी. पाच वर्षं त्याच्या घराकडे खुन्याचं घर म्हणूनच बघितलं जातं. त्यात कुटुंब भारतीय वंशाचं.

मग १७ वर्षांची पिप शाळेच्या प्रोजेक्टसाठी हीच केस निवडते आणि रवी तिच्यासोबत उतरतो. मेसेज, जबाब, सॅलच्या मित्रांनी फिरवलेली साक्ष, सगळं पुन्हा उकरलं जातं.

हॉली जॅक्सनची ही कादंबरी २०१९ ची, तर बीबीसीची सिरीज २०२४ मध्ये आली. पहिला सीझन सहाच भागांचा आहे, पण आधी पुस्तक वाचलेलं बरं. पिपच्या नोंदी आणि मुलाखती त्यात जशाच्या तशा आहेत, त्यामुळे संशयितांची यादी वाचणाराही स्वतःच करत बसतो.