पत्रात ‘नाही’ असले तरी

माझ्या वन्सं निपाणीच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान कागलहून स्कूटरने घरी येत असताना मागून आलेल्या मोटारीने त्यांना ठोकले. पाय मोडला, कोल्हापुरात ऑपरेशन झाले, बिल दोन लाखांवर गेले. “स्कूटरचा फुल इन्शुरन्स आहे, काळजी नको,” असे आम्ही सगळेच म्हणत होतो. पुढे विमा कंपनीचे पत्र आले, ‘औषधोपचाराचा खर्च पॉलिसीत बसत नाही.’ वन्संचा धीरच खचला.

पत्र खोटे नव्हते, आपणच चुकीचे दार ठोठावले होते. ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे गाडीची नुकसानभरपाई. त्यासोबत मालक-चालकासाठी असलेले १५ लाखांचे अपघात संरक्षण मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी असते, दवाखान्याच्या बिलासाठी नव्हे. चूक मोटारवाल्याची असेल तर बिल मागायचे ते त्याच्या विमा कंपनीकडे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करून.

सीमेवरच्या घरांना इथे एक सोय आहे. अपघात महाराष्ट्रात झाला तरी अर्ज आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. कोल्हापूरला खेटे घालायला नकोत. मात्र १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. ‘पाय बरा झाला की बघू’ म्हणत बसू नये.

कागद सांभाळावेत. पोलिसांची फिर्याद, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक मूळ पावती आणि पगार बुडाल्याचा दाखला. कुणाला मूळ बिले द्यावी लागलीच तर झेरॉक्सवर पोच घ्यावी. तिकडचे पोलिसांचे कागद मराठीत, इकडचे कामकाज कन्नडमध्ये. भाषांतराचे वकिलांना आधीच विचारावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमींवर नेमलेल्या रुग्णालयांत दीड लाखापर्यंत, पहिले सात दिवस, रोख न भरता उपचार होतात. दाखल करतानाच विचारायला हवे होते.

मध्यंतरी मोटारीच्या कंपनीकडून एक गृहस्थ घरी आले. “चाळीस हजार घ्या, इथे सही करा, विषय मिटवू,” म्हणाले. कागदावर ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असे छापलेले. हात तंगीत असताना चाळीस हजारही मोठे वाटतात. वन्संनी पेन हातात घेतलेही होते. तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या लेकीने कागद वाचला आणि म्हणाली, “आई, आधी वकिलांना दाखवू.” सही झाली नाही.

पाचव्या महिन्यात अर्ज दाखल झाला. निकाल अजून यायचा आहे. मंजूर झालेल्या रकमेवर अर्जाच्या तारखेपासूनचे व्याजही न्यायाधिकरण देऊ शकते. तोवर पावत्यांची पिशवी वन्संच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी आहे.