लग्नाच्या कॅसेटी आणि घरचा संगणक

लग्नाचे 'शूटिंग' करून घेण्याची रीत मराठवाड्यात साधारण १९९०च्या दशकात रुळली, आणि बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई येथील कित्येक घरांत त्या काळच्या व्हीएचएस कॅसेटी आजही लोखंडी कपाटात नाहीतर माळ्यावर पडून आहेत. लग्नांखेरीज हरिनाम सप्ताहातील कीर्तने, गावच्या जत्रा, शाळांची स्नेहसंमेलने यांचीही हौसेने चित्रणे झाली, पण त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नाही. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, घरगुती कॅसेटी मात्र ज्याच्या त्याने सांभाळायच्या. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणलेल्या व्हीएचएस पद्धतीचे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, तयार करणे फुनाई या कंपनीने २०१६च्या जुलैत थांबवले आणि त्याबरोबर नव्या यंत्रांचा पुरवठाच आटला. त्यामुळे हे चित्रण संगणकावर उतरवून घ्यायचे म्हटले, तर संगणक घरोघरी आला असला तरी अडते ते कॅसेट वाचणाऱ्या यंत्रापाशी.

कॅसेटीतली फीत ही अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी असते, तिच्यावर चुंबकीय कणांचा थर असतो आणि ते कण एका बंधक द्रव्याने पट्टीला धरून ठेवलेले असतात. व्हीसीआरमधील तिरका दंडगोल, ज्याला कारागीर 'ड्रम' म्हणतात, मिनिटाला १५०० वेळा फिरतो आणि त्यावरची दोन हेड फितीवर तिरक्या रेघा वाचत जातात. प्रत्येक रेघेत चित्राच्या एकाआड एक ओळी असतात, अशा दोन अर्ध्या चित्रांचे मिळून एक पूर्ण चित्र होते, आणि भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला अशी २५ पूर्ण चित्रे पडद्यावर येतात. दमट हवेने बंधक द्रव्य चिकट होते व फितीवर बुरशी धरते. या बाबतीत कोकणापेक्षा बीडची कोरडी हवा फितीला मानवते, मात्र पत्र्याच्या घरातील उन्हाळा आणि बारीक धूळ तिला तितक्याच हानिकारक ठरतात. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नये, कारण हेडला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते.

म्हणून आधी व्हीसीआर मिळवणे आणि दुरुस्त करून घेणे महत्त्वाचे, आणि जुना टीव्ही कारागीर गावात अजून काम करत असेल तर त्याच्याकडचे कौशल्य कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाचे आहे. हेड स्वच्छ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ चामडे हेडवर स्थिर धरून ड्रम हाताने हळू फिरवतात. कापसाचे बोळे वापरले किंवा कापड वरखाली घासले तर नाजूक हेड तुटते. कॅसेट सुरू करण्यापूर्वी तिच्या मागच्या कडेवरची लहानशी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुने चित्रण पुसले जाणार नाही.

व्हीसीआरची पिवळी वायर चित्राची, पांढरी व लाल वायर आवाजाची. त्या यूएसबीला लागणाऱ्या छोट्या कॅप्चर उपकरणात जातात, आणि ते उपकरण लहरींचे आकड्यांत रूपांतर करते. इथेच एक अडचण उद्भवते. ताणलेल्या फितीवरून येणाऱ्या ओळींची वेळ सतत थोडीफार चुकते. जुने टीव्ही ती चूक सहज पचवत, संगणक मात्र गोंधळतो, काही चित्रे गाळतो आणि हळूहळू आवाज ओठांच्या हालचालींपासून सुटत जातो. ओळींची वेळ सुधारणाऱ्या उपकरणाला टाइम बेस करेक्टर म्हणतात. ते न मिळाल्यास किती चित्रे गळली हे दाखवणारे व्हर्च्युअलडबसारखे मोफत सॉफ्टवेअर वापरून निदान नुकसान तरी कळते.

चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंच्या चौकटीत, काहीही न गाळणाऱ्या एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्ही या पद्धतीने साठवल्यास तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, तर काहीच न आवळता साठवल्यास सुमारे ७५ जीबी. परळीला औष्णिक वीजकेंद्र असूनही बीड जिल्ह्याला भारनियमनाची सवय आहे, आणि एमपी४ फाइलची अनुक्रमणिका चित्रण संपल्यावरच लिहिली जात असल्याने मध्येच वीज गेली तर तासाभराचे काम वाया जाऊ शकते; ओबीएस स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही हा प्रकार निवडला तर तोवरचे चित्रण शाबूत राहते. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायची छोटी प्रत मागाहून वेगळी करावी, आणि एकाआड एक ओळी जुळवून सलग चित्र करण्याची क्रिया त्या प्रतीवरच करावी, मूळ फाइलवर नव्हे. टीव्हीवर कॅसेट लावून समोरून मोबाइलने चित्रण करण्याचा सोपा मार्ग अनेक जण पत्करतात, त्यात पडद्याची लकाकी, खोलीतला पंखा आणि शेजारच्या मुलांचा आवाज एवढेच नव्याने मिळते. दुकानातून करून घेतलेल्या डीव्हीडीतही चित्र बरेच आवळलेले असते, शिवाय ती वाचणारी ड्राइव्ह आता नव्या लॅपटॉपमधून नाहीशी झाली आहे.

दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि शक्य तर दुसऱ्या गावी एक, अशा प्रती ठेवल्या तरी मूळ कॅसेट भंगारात देऊ नये. व्हीएचएस-डीकोड नावाच्या मुक्त प्रकल्पात हेडवरून येणारी कच्ची लहर थेट टिपून चित्र तयार करण्याचे काम व्हीसीआरऐवजी संगणकच करतो, आणि नेहमीच्या मार्गाने मिळते त्याहून स्थिर, स्पष्ट चित्र त्यातून काढता येते. पण त्यासाठी फीत शिल्लक असावी लागते.